पालखीमागून वसुली

मी सरपंच झाले तेव्हा गावाला वाटलं, ब्लाउज शिवणारी बाई, हिला काय पंचायत कळणार. मलाही तसंच वाटत होतं, फक्त मी ते कुणाला बोलून दाखवलं नाही. जागा महिलांसाठी राखीव निघाली होती, उभं राहायला कुणी तयार नव्हतं आणि माझ्या तोंडाला गाव जरा टरकून असायचं. एवढ्या भांडवलावर मी निवडून आले.

पहिल्याच आठवड्यात भाऊसाहेबांनी मला खुर्चीवर बसवून चहा पाजला. भाऊसाहेब म्हणजे आमचे ग्रामसेवक; कोल्हापूरकडचे, सज्जन, आणि वाईट बातमी सांगायच्या आधी चहा मागवणारे. चहा अर्धा झाल्यावर म्हणाले, "मॅडम, पंचायतीवर कर्ज हाय."

मी विचारलं, "म्हणजे कुणावर?"

ते हसले. पण मी थट्टा करत नव्हते. घरावर कर्ज असलं की घरातल्या माणसांच्या तोंडावर दिसतं, भाजी बदलते, सणाला कपडे येत नाहीत. गावावरचं कर्ज कुठे दिसतं? रस्ता तोच, देऊळ तेच, बस थांब्यावरची कुत्री तीच. तरी ते होतं, आणि खुर्ची माझी असल्यामुळे सहीपुरतं ते आता माझं होतं.

झालं होतं ते साधं होतं. हातखंब्याहून पालीकडे जाताना आमच्या गावाचा फाटा लागतो. महामार्ग चौपदरी होणार म्हणून आधीच्या मंडळींनी जिल्हा परिषदेच्या निधीतून कर्ज काढून फाट्यावर दुकानांचे गाळे बांधले. गाड्या थांबतील, दुकानं चालतील, भाड्यातून हप्ते फिटतील, वर गावाला चार पैसे सुटतील. हिशोब चुकीचा नव्हता, मी त्यांना आजही नावं ठेवत नाही. पण रस्त्याचं काम संपता संपेना, धुळीत कुणी थांबेना, आणि मग करोनाची टाळेबंदी आली. मोबाइलवाला गेला, झेरॉक्सवाला गेला, ब्यूटी पार्लरची पाटी तेवढी राहिली. कोंबडीवाला टिकला, कारण कोंबडी माणूस कशीही खातो.

भाडं थांबलं तरी हप्ता थांबत नाही. मग आमच्या कार्यालयात जे झालं ते प्रत्येक घरात होतं, ह्याची टोपी त्याला. लोकांनी भरलेली पाणीपट्टी गाळ्यांच्या हप्त्याला गेली आणि पाण्याच्या पंपाचं वीजबिल मागे पडत गेलं. त्यात घरपट्टीही आटली. आमच्याकडे घरं गावात असली तरी घरपट्टी भरते ती मुंबई. कुणाचा मुलगा हॉटेलात, कुणाचा गोदामात, कुणाचा गाडीवर. त्या दोन वर्षांत निम्मे चाकरमानी गावी येऊन बसले होते. गणपतीला येतात तसे नाही. बॅगा रिकाम्या करून, कपडे कपाटात लावून. त्यांना कुणी विचारलं, परत कधी, तर म्हणायचे, "बघू, कळवतो म्हणालेत." ते कळवणारे कोण होते देव जाणे.

फेब्रुवारीत वीज कंपनीची नोटीस आली. मार्चअखेर थकबाकी भरली नाही तर पंपाची जोडणी तोडणार.

त्याचा अर्थ गावात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पंप नदीकाठी आहे. तो पाणी सड्यावरच्या, म्हणजे वरच्या माळावरच्या टाकीत चढवतो, आणि टाकीतून ते सगळ्या वाड्यांना मिळतं. खालच्या वाडीत विहिरी आहेत, त्यांचं भागतं. वरच्या वाडीत सगळा कातळ. पंप थांबला तर तिथल्या बायकांना एप्रिल-मे महिन्यात हंडे घेऊन खाली पऱ्यात, म्हणजे आटलेल्या ओढ्यात उतरायचं आणि वाळूत खड्डा करून पाझर येईपर्यंत बसायचं. नळ येण्याआधी मी त्या वाडीत नवी सून होते तेव्हा तेच केलं आहे. वाटीवाटीने हंडा भरायला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे. ती नोटीस वाचताना मला तो हंडाच दिसत होता.

वसुलीला आम्ही दारोदार फिरलो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? दारं बंद, किंवा म्हातारं माणूस ओट्यावर येऊन सांगणार, पोरगा हाटात गेला. पोरगा मागच्या दाराने काजूच्या बागेत शिरलेला मी स्वतः बघितला. भाऊसाहेबांना बिचाऱ्यांना वरून रोज फोन, वसुलीची टक्केवारी किती.

तेव्हा मासिक सभेत उपसरपंचांनी युक्ती सांगितली. हे आमचे उपसरपंच पालखीच्या मानकऱ्यांपैकी. कामाचा माणूस, रागीट नाही, लबाड नाही, आणि पालखी खांद्यावर घेतली की वय विसरणारा.

"बाय," ते मला म्हणाले, "वसुलीला गेलो तं दार बंद. पण शिमग्याला कुणाचं दार बंद असतंय काय? पालखी घराघरांत जानार. मुंबईवालं पन सगलं घरात. मागनं भाऊसाहेबांना पावत्या घेऊन चालवूया. देवाच्या समोर कोन खोटं बोलत नाय."

आदल्या शिमग्याला निर्बंधांमुळे पालखी देवळाबाहेर धड पडलीच नव्हती. यंदा ती फिरणार म्हणून गाव आधीच हवेत होतं. सगळ्या सदस्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. आम्हाला कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही, उलट इतके दिवस हे सुचलं कसं नाही असंच वाटलं. भाऊसाहेब तेवढे म्हणाले, "आमच्याकडं असलं कुणी करत नाय." आम्ही त्यांना सांगितलं, तुमच्याकडे पालखी अशी घरोघर फिरत नाही म्हणून.

पहिले दोन दिवस खालच्या वाडीत वसुली अशी झाली की भाऊसाहेबांचा चेहरा उजळला. पालखी अंगणात आली की ढोल वाजायचा, पोरं शिमग्याच्या फाका ओरडायची, घरातली बाई ओटी भरायची, आणि गुलाल लावून कपाळ पुसत यजमान वळला की समोर भाऊसाहेब. पिशवीतून पावतीपुस्तक. माणूस एकदा देवाकडे बघायचा, एकदा पुस्तकाकडे, आणि आत जाऊन पैसे आणायचा. एका घरात सून मागच्या दाराने शेजारी गेली आणि मुठीत काहीतरी घेऊन आली. मी ते बघितलं. मनात म्हटलं, बरं झालं, सोय झाली. पंपाशिवाय मला काही दिसत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पालखी वरच्या वाडीत चढली.

वाडीच्या टोकाला एक घर आहे, पुढे पत्र्याची पडवी. त्या घरचा मुलगा मुंबईत एका कंपनीच्या कँटीनमध्ये आचारी होता. चांगला आचारी. गावच्या पूजेला दोनशे माणसांचा मसालेभात त्याने एकट्याने केलेला मी खाल्ला आहे. कँटीन बंद झालं आणि तो बायको-मुलीला घेऊन गावी आला. पालखी त्याच्या अंगणात आली तेव्हा अंगण ताजं सारवलेलं होतं, रांगोळी होती. आणि दार बंद होतं.

आधी कुणाला काही कळलंच नाही. ढोल वाजत राहिला. कुणीतरी म्हणालं, देवळाकडं गेली असतील. मग एका पोराने दार ढकलून बघितलं आणि हळूच म्हणाला, "आतनं कडी हाय."

ढोल थांबला. आमच्या गावात पालखी दारात आली आणि दार आतून बंद, असं कधी झालेलं नाही. सुतकातल्या घरी पालखी जात नाही, ती गोष्ट वेगळी. भावाभावांची कोर्टकचेरी चालू असते, तोंडं बघत नाहीत, तेही त्या दिवशी एका अंगणात उभे राहतात. उपसरपंचांच्या खांद्यावर पालखीचा दांडा होता. त्यांनी मला बघितलं, मी भाऊसाहेबांना बघितलं, आणि भाऊसाहेबांनी पावतीपुस्तक पाठीमागे नेलं. पण ते सगळ्यांनी बघितलेलंच होतं.

पालखी वाट बघत उभी राहिली. उपसरपंचांनी हाक मारली. मी हाक मारली. आतून मुलीचा आवाज आला आणि कुणीतरी तिला गप्प केलं. शेवटी उपसरपंचांनी दुसऱ्याच्या हातातला नारळ घेऊन पायरीवर ठेवला, नमस्कार केला आणि पालखी वळवली. वळताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. इतक्या वर्षांत त्या माणसाला मी रडताना बघितलं नव्हतं. पुढच्या घरी पावतीपुस्तक काढू नका, हे मला भाऊसाहेबांना सांगावं लागलं नाही.

खरं सांगायचं तर मला त्या आचाऱ्याचा राग आला. दुप्पट राग आला. पैसे नाहीत तर नाहीत म्हणायचं, आम्ही काय गळा धरणार होतो? देवाला दार लावायचं म्हणजे काय? घरी येऊन मी भांडी आपटली. नवऱ्याने रेडिओ मोठा केला, तो समजूतदार आहे.

दुसऱ्या दिवशी मी बौद्धवाडीत गेले. पालखी तिथे जात नाही, त्यांचा तिच्याशी संबंध नाही, म्हणून तिथली वसुली राहिली होती. समाजमंदिराच्या पायरीवर बसून मी नोटिशीचं सांगितलं. लोक आले. कुणी निम्मे दिले, कुणी पूर्ण दिले. एकीने सरळ सांगितलं, "ताई, आत्ता नाय. मे महिन्यात आंब्याच्या कामाचे येतील, तेवा घे." मी म्हटलं, बरं. तिने मला पाणी दिलं, मी प्यायले, आम्ही तिच्या मुलाच्या देवरूखच्या कॉलेजबद्दल बोललो. वसुली झाली.

उतारावरून परत येताना माझ्या डोक्यात उजेड पडला. तिला 'नाही' म्हणायला जागा होती. आम्ही पालखीमागून गेलो तिथे आम्ही ती जागाच काढून घेतली होती. देव दारात उभा, सगळी वाडी अंगणात, ढोल वाजतोय, आणि माणसाने तोंड उघडून म्हणायचं, माझ्याकडे नाहीत? मुंबईत तो आचारी होता, गावात अजूनही 'मुंबईवाला' होता. ते एक नाव त्याच्याकडे उरलं होतं. खालच्या वाडीत ज्यांनी पैसे दिले त्यांच्याकडे तरी होते का? ती सून मागच्या दाराने का गेली होती? माझा राग कुठच्या कुठे गेला आणि त्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं.

मी ग्रामसभा बोलावली. देवळात नको म्हटलं, शाळेत घ्या, म्हणजे सगळ्यांना येता येईल. आणि गावाला सगळं सांगायचं ठरवलं: गाळ्यांचं कर्ज, थकलेले हप्ते, पाणीपट्टी कुठे गेली ते. उपसरपंच घाबरले. म्हणाले, "बाय, झाकली मूठ सव्वा लाखाची. पंचायतीकडे काय नाय हे कळलं तर जे देतात ते पन देनार नायत." मी म्हटलं, मूठ झाकून झाकून हात अवघडला माझा.

शाळेचा वर्ग भरला. मी फळ्यावर खडूने लिहिलं, येणं किती, देणं किती. शिलाईचे हिशोब लिहायची सवय, त्यामुळे सोपं लिहिता येतं. आधी ओरडा झाला. पाणीपट्टी गाळ्यांना का दिली, गाळे कुणी सांगितले होते, ठेकेदार कोण होता. त्यांचं बरोबर होतं, म्हणून मी मधे बोलले नाही. मग मी एवढंच सांगितलं की कंपनीच्या साहेबांना भेटून आलेय. निम्मी रक्कम मार्चअखेर भरली तर उरलेली हप्त्याने चालेल. निम्मीही नसेल तर वरची वाडी पऱ्यात.

चिरेखाणीचा मालक मागच्या बाकावर पाय पसरून बसला होता. तो म्हणाला, "आधी वरच्या वाडीनं भरूदेत. मग आमी भरतो." हे आमच्या गावाचं जुनं गाणं. वाडी वाडीकडे बघते, घर घराकडे बघतं, आणि ज्याच्याकडे आहे तो ज्याच्याकडे नाही त्याच्या आड उभा राहतो.

तेव्हा दाराजवळून आचारी उभा राहिला. तो आलाय हेच मला माहीत नव्हतं. शर्टाला सिमेंट लागलेलं होतं.

"माझ्याकडं नायत," तो म्हणाला. थांबला. कुणी काही बोलतंय का बघितलं. "कँटीन बंद झालं ते झालंच. परत बोलावनार नायत. मी हायवेच्या कामावर जातंय, कालपासनं. पगार झाला की भरीन. आज माझ्याकडं खरंच नायत."

एवढं बोलून तो खाली बसला. मुंबईहून आलेला कुणी असं चारचौघांत बोललेला मी तरी ऐकला नव्हता. मग खालच्या वाडीतला एकजण उठला, गोदामातला. त्याने पालखीसमोर पूर्ण घरपट्टी भरली होती. तो म्हणाला, "माझ्याकडं पन नव्हते. मेव्हन्याकडनं घेतले." मग आणखी एक. मग एक बाई. कुणी रडलं नाही, कुणी भाषण केलं नाही. एकामागून एक माणसं उठून नाहीत म्हणत होती, आणि प्रत्येकजण बसला की त्याचे खांदे खाली आल्यासारखे वाटत होते. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले, कारण माझे डोळे भरले होते आणि माझा दरारा मला त्या खुर्चीपुरता तरी सांभाळायचा होता.

शेवटी उभे राहायचे राहिले ते ज्यांच्याकडे होतं तेच. चिरेखाणवाल्याने पाय आत घेतले. त्याला कुणी काही बोललं नाही. न बोलण्याचाही एक मार असतो, तो त्याने खाल्ला आणि दोन वर्षांची थकबाकी आणि पुढच्या वर्षाची घरपट्टी एकदम भरली. वर मला म्हणाला, पावतीवर सही नीट कर. त्याला बघून बागवाले आले, शिक्षक आले, ट्रकवाला आला. गाळ्यांचं भाडं निम्मं करायचं त्याच सभेत ठरलं. रिकाम्या गाळ्याच्या पूर्ण भाड्यापेक्षा भरलेल्या गाळ्याचं निम्मं भाडं बरं, एवढं गणित सगळ्यांना येतं. मार्चअखेरच्या आदल्या दिवशी भाऊसाहेब रत्नागिरीला जाऊन निम्मी रक्कम भरून आले. येताना त्यांनी पेढे आणले, स्वतःच्या पैशाने.

पंपाची जोडणी तुटली नाही. त्या उन्हाळ्यात पाणी एक दिवसाआड आलं, तेही कधी करंगळीएवढं, पण आलं. कर्ज संपलं असं मात्र समजू नका. मी पायउतार झाले तेव्हाही हप्ते चालू होते, आजही आहेत. नवीन सरपंच मला रस्त्यात भेटला की तोंड फिरवत नाही, एवढंच माझं प्रगतिपुस्तक.

मे महिन्याच्या सुरुवातीला एक दिवस आचाऱ्याची बायको कार्यालयात आली. हायवेच्या कामाचा पगार झाला होता. रुमालाची गाठ सोडून तिने नोटा टेबलावर ठेवल्या. एका वर्षाची पाणीपट्टी आणि थोडी घरपट्टी. मी म्हटलं, एवढी घाई नको गं, आधी मुलीच्या शाळेचं बघ, आमचं मागाहून चालेल. मला वाटलं, मी मोठं मन दाखवतेय.

तिने नोटा परत माझ्याकडे सरकवल्या. "घेवा," म्हणाली. "नळाला पानी येतंय ना."

मी घेतल्या. पावती लिहायला लागले. ती उभीच होती. लिहून झाल्यावर खिडकीकडे बघत म्हणाली, "त्या दिवशी माझं ताट तयार होतं ओ ताई. खण आनलेला. तांदूळ, नारळ, सगळं. सकाळपासनं मी न्हाऊन उपाशी होतंय. ढोल अंगनात आला तेवा मी ताट घेऊन दाराच्या आतच उभी."

मी मान खाली घातली.

"लोक म्हनतात, आमी देवाला कडी लावली," ती म्हणाली. "देवाला नाय लावली ताई. तुमाला लावली."